मिठाने विझणारा उजेड



चैत्रात रामनवमी जवळ आली की पोहरादेवीकडे जाणाऱ्या साऱ्या वाटा माणसांनी भरून जातात. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव बंजारा समाजाचे मोठे तीर्थ आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, आणि २०२४ साली नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा संस्कृतीच्या संग्रहालयाचे उद्घाटनही येथे झाले. यात्रेच्या दिवसांत या गावी दोन तऱ्हेचे चकाकणे पाहायला मिळते. दिवसा बायकांच्या फेटिया-कांचळीवरचे आरसे उन्हात लखलखतात. रात्री हजारो हातांतले मोबाइल उजळतात.

आता तुम्ही म्हणाल, चकाकणे ते चकाकणे, त्यात तऱ्हा कसल्या? पण फरक मोठा आहे. आरसा स्वतः उजेड तयार करीत नाही. उन्हाने दिलेले तो उन्हाला परत करतो, आणि ऊन मावळले की गप्प बसतो. मोबाइलच्या चांगल्या पडद्यातला एकेक ठिपका मात्र आपला उजेड आपणच तयार करतो. हे काम करणारे पदार्थ मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांचे बनलेले असतात. रसायनशास्त्रात अशा पदार्थांना सेंद्रिय म्हणतात. सेंद्रिय म्हटले की आपल्याला शेणखत आठवते. पण येथे शेणाचा काही संबंध नाही बरं का! कार्बनच्या सांगाड्यावर उभा असलेला पदार्थ, एवढाच येथे अर्थ.

कार्बन हा हलका अणू. हायड्रोजनचे वजन १ धरले तर कार्बनचे १२ भरते. या हलक्या मंडळींत एखादा जड अणू, म्हणजे ८० वजनाचा ब्रोमिन, १२७ वजनाचा आयोडिन किंवा १९२ वजनाचा इरिडियम आणून बसवला, तर उजेडाचे काय होते? कधी उजेड विझतो, आणि कधी असा पेटतो की पूर्वीपेक्षा चौपट मिळावा. एकच पाहुणा एका घरी दिवा मालवतो आणि दुसऱ्या घरी लावतो. असे का, ते आज आपण समजून घेऊ.

आधी एक प्रयोग सांगतो, कारण शाळेतले गुरुजी आणि बाई हे नक्की विचारतील की वर्गात दाखवण्यासारखे काय आहे. नोटा तपासायला दुकानदार जी जांभळट उजेडाची बॅटरी वापरतात ती मिळवा. तिच्यातून जंबुपार, म्हणजेच अतिनील किरण निघतात. शहरातल्या दुकानात टॉनिक वॉटर नावाचे कडवट पेय मिळते. त्यात अगदी थोडे क्विनाइन असते; तेच ते हिवतापावरचे, सिंकोना झाडाच्या सालीतून काढलेले क्विनाइन, ज्याच्या पुड्या एके काळी पोस्टात मिळत असत. हे पेय दोन पेल्यांत सारखे ओता, खोली अंधारी करा आणि बॅटरीचा झोत टाका. बिनरंगाचे पाणी निळेशार उजळून उठेल. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने क्विनाइनच्या अशाच द्रावणाचा अभ्यास केला आणि या उजळण्याला फ्लुओरेसन्स हे नाव दिले.

आता एका पेल्यात चमचाभर साखर घाला, दुसऱ्यात चमचाभर मीठ. फेस खाली बसू द्या, ढवळा आणि पुन्हा पाहा. साखरेच्या पेल्यातला निळा उजेड जवळजवळ तसाच राहतो. मिठाच्या पेल्यातला मंद होतो; आणखी मीठ घातले की आणखी मंद होतो. पाण्यात काहीही विरघळवले म्हणून उजेड विझत नाही, हे साखर आपल्याला सांगते. विझवणारा आहे मिठातला क्लोरीन. लमाण हे नाव लवण, म्हणजे मीठ, या शब्दावरून आले असे पुष्कळ जाणकार मानतात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ज्यांच्या तांड्यांनी देशभर मीठ वाहिले, त्यांच्या मुलांना हा प्रयोग दाखवताना गुरुजींनी हे अवश्य सांगावे. प्रयोग झाल्यावर ते पाणी कोणी पिऊ नये, आणि बॅटरीचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर टाकू नये.

शाळेच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम आयोडाइड असेल तर तेही वापरून पाहा. क्लोरीनपेक्षा ब्रोमिन आणि ब्रोमिनपेक्षा आयोडिन हा निळा उजेड अधिक जोराने विझवतो. मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. क्विनाइनच्या बाबतीत सारे काम एकट्या वजनाचे नाही. मिठातला क्लोरीन हा उजळलेल्या क्विनाइनला क्षणभर आपला इलेक्ट्रॉन उसना देतो आणि त्या देवघेवीतही उजेड जातो. जड आयोडिनपाशी वजनाचा परिणाम त्यात भर घालतो. निव्वळ वजनाची करामत पाहायची तर रंगांच्या एका घराण्याकडे जावे लागेल. पण त्याआधी पदार्थ उजळतो म्हणजे आत काय घडते, ते पाहू.

रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा जोडीने राहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला एक फिरकी असते असे समजा. जोडीतल्या एकाची उजवी, तर दुसऱ्याची डावी. दोघे एका जागी राहू शकतात ते फिरकी उलट आहे म्हणूनच. दोघांची फिरकी सारखी असेल तर एका जागी बसायला निसर्गाची सक्त मनाई आहे. आता बाहेरून प्रकाश पडला की जोडीतला एक इलेक्ट्रॉन ती शक्ती घेऊन वरच्या मजल्यावर चढतो. चढताना तो आपली फिरकी बदलत नाही. त्यामुळे खालची त्याची जागा त्याला मोकळीच असते. तो झटकन खाली येतो आणि येताना घेतलेली शक्ती प्रकाशाच्या रूपाने टाकून देतो. या चढउतरीला सेकंदाचा काही अब्जांश भाग पुरतो. हाच फ्लुओरेसन्स. आपण त्याला झटपट उजेड म्हणू.

पण समजा, वर गेलेल्या इलेक्ट्रॉनची फिरकी तेथे उलटली. मग काय होईल? खाली राहिलेल्याची आणि याची फिरकी सारखी झाली. जुन्या जागी परतायला बंदी आली. बिचारा पोटमाळ्यावर अडकला! या अडकलेल्या अवस्थेला शास्त्रज्ञ ट्रिप्लेट म्हणतात. तेथून खाली यायची वाट बंद नसते, पण फार अरुंद असते. हजारांश सेकंदापासून कित्येक सेकंदांपर्यंत वेळ लागतो. एवढा वेळ मिळाला की आजूबाजूचे रेणू धक्के देऊन त्याची शक्ती काढून घेतात, हवेतला प्राणवायू तर हटकून घेतो. आणि ती उष्णतेत जिरून जाते. पदार्थ अतिशय थंड आणि घट्ट करून ठेवला तर हे धक्के थांबतात, आणि पोटमाळ्यावरून हळूहळू उतरणारा रेंगाळता उजेड दिसू लागतो. त्याचे नाव फॉस्फरेसन्स. १९४४ साली अमेरिकेत गिल्बर्ट लुईस आणि मायकेल काशा यांनी असे थंड, काचेसारखे घट्ट नमुने तपासून हा रेंगाळता उजेड ट्रिप्लेट अवस्थेतूनच येतो, हे मांडले.

मग फिरकी उलटवतो कोण? येथे जड अणू रंगमंचावर येतो. तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई वळते, हे आपण शाळेत पाहिले आहे. वाहती वीज म्हणजे चुंबक. आता इलेक्ट्रॉनच्या जागी बसून विचार करा. आपल्याला जसा स्थिर जमिनीवरून सूर्य फिरताना दिसतो, तसे इलेक्ट्रॉनला अणूचे केंद्रच आपल्याभोवती फिरते आहे असे भासेल. केंद्रावर विजेचा भार आहे. फिरता भार म्हणजे वाहती वीज, आणि वाहती वीज म्हणजे चुंबक. कार्बनच्या केंद्राचा भार ६, ब्रोमिनचा ३५, आयोडिनचा ५३, इरिडियमचा ७७. भार मोठा, तेथे इलेक्ट्रॉनचा वेग मोठा आणि हे चुंबकही जोरकस. हे चुंबक इलेक्ट्रॉनच्या फिरकीला धरून ओढते. कार्बनशी तुलना केली तर हा ओढा ब्रोमिनमध्ये सुमारे पाऊणशे पट आणि आयोडिनमध्ये दीडशे पटींहून अधिक असतो. म्हणून जड अणू शेजारी असला की फिरकी सहज उलटते.

आणि आता आजच्या बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. फिरकी उलटणे सोपे झाले की पोटमाळ्याची दोन्ही दारे रुंद होतात: आत जायचे आणि बाहेर यायचेही. आत जायचेच दार पुरेसे रुंद झाले, तर झटपट उजेड विझतो. बाहेरचे दारही सताड उघडले, तर अडकलेला उजेड बाहेर पडतो. मघाचे कोडे येथे सुटते.

पहिली बाजू पाहू. १८७१ साली जर्मनीत आडोल्फ फोन बायर यांनी फ्लुओरेसीन नावाचा रंग तयार केला. त्याच्या रेणूत फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. किंचित अल्कधर्मी पाण्यात त्याचे काही कण टाकले तरी पाणी पोपटी हिरवे झगमगते. त्याने घेतलेल्या प्रकाशाच्या दर शंभर कणांमागे नव्वदांहून अधिक कण तो उजेड म्हणून परत देतो. याच रेणूवर ब्रोमिनचे चार अणू बसवले की इओसीन होते. त्याचा हिशोब शंभरातून सुमारे वीस. ब्रोमिनऐवजी आयोडिनचे चार अणू बसवले की एरिथ्रोसीन होते. त्याचे शंभरातून जेमतेम दोन. सांगाडा तोच, घराणे तेच, फक्त वजन वाढत गेले आणि उजेड मावळत गेला. हा सारा उजेड पोटमाळ्यात गेला.

ही मंडळी तुमच्या ओळखीची आहेत, तुम्हाला नावे ठाऊक नसतील एवढेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर पसरतात आणि हिवतापाचे जंतू दिसावेत म्हणून ती काच रंगवतात. त्या रंगांतला एक असतो इओसीन. गोळ्या-मिठाईच्या तांबूस रंगांत एरिथ्रोसीन असू शकतो. आपल्या देशात खाद्यपदार्थांना ठराविक मर्यादेत चालणाऱ्या रंगांच्या यादीत तो आहे, तर अमेरिकेने २०२५ साली खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घ्यायचे ठरवले. यात्रेत मिळणाऱ्या गुलाबी म्हातारीच्या केसांत मात्र काही ठिकाणी ऱ्होडामीन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला, आणि २०२४ साली तमिळनाडूने अशा मिठाईवर बंदी घातली. त्या रंगात जड अणू नाही, म्हणून तो जांभळट बॅटरीखाली नारिंगी झगमगतो. पण झगमगले म्हणजे विषच, आणि नाही झगमगले म्हणजे शुद्ध, असा निकाल बॅटरीवरून लावू नका. निकाल प्रयोगशाळेचा. आपण एवढेच करावे की भडक गुलाबी दिसणारी वस्तू लेकरांच्या हाती देऊ नये.

फ्लुओरेसीनचे काम तर थेट शेतकऱ्याच्या डोळ्याशी आहे. सोयाबीनची मळणी चालू असते, तुरीच्या शेंगा बडवल्या जातात, आणि भुश्याची एखादी कुसळी डोळ्यात जाते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, ओरखडा पडतो. नुसत्या नजरेला तो दिसत नाही. डोळ्यांचे डॉक्टर फ्लुओरेसीन लावलेली कागदाची लहानशी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळा उजेड टाकतात. जेथे साल निघाली असेल तेथे रंग धरतो, आणि जखम हिरवी चमकून उठते. हे काम इओसीन किंवा एरिथ्रोसीन करू शकणार नाही, कारण त्यांचा उजेड जड अणूंनी गिळला आहे. म्हणून मंडळी, डोळ्यात कुसळ गेले आणि दुखणे, पाणी गळणे थांबले नाही, तर दूध, तूप, कोणा पाल्याचा रस किंवा दुकानातून विचारून आणलेले थेंब घालत बसू नका. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पारपटलाच्या जखमेत बुरशी किंवा जंतू शिरले तर थोड्या दिवसांत नजर जाऊ शकते.

आता पोटमाळ्यात गेलेला उजेड अगदीच फुकट जातो का? नाही. रोझ बेंगाल नावाचा या घराण्यातला आणखी एक रंग आहे. त्यात आयोडिनचे चार आणि क्लोरीनचे चार अणू. त्यावर हिरवा प्रकाश पडला की तो स्वतः फारसा चमकत नाही; पण पोटमाळ्यावर अडकलेली शक्ती तो शेजारच्या प्राणवायूला देतो. तो प्राणवायू असा तापट होतो की जवळच्या जंतूंना जगू देत नाही. डोळ्यातल्या बुरशीच्या जखमांवर या रंगाचा आणि प्रकाशाचा उपयोग करून पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. म्हणजे उजेड विझवणे हेसुद्धा एक काम असू शकते.

जड अणू रेणूला चिकटलेलाच हवा असेही नाही. नुसता शेजारी असला तरी पुरतो. १९५२ साली काशा यांनी हे साध्या रीतीने दाखवले. त्यांनी दोन द्रव घेतले, दोन्ही बिनरंगाचे. एक नॅफ्थलिनचा, म्हणजे आपल्या डांबरगोळीतल्या पदार्थाचा, क्लोरीन जोडलेला भाऊ. दुसरा आयोडिन असलेला इथाइल आयोडाइड. दोन्ही एकत्र ओतले तर मिश्रण पिवळे झाले! आयोडिनच्या शेजाराने, खालून थेट पोटमाळ्यावर चढायची जी वाट एरवी बंद असते, ती उघडली. त्या वाटेने जाताना पदार्थ निळसर प्रकाश शोषू लागला आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसला, अशी त्याची फोड त्यांनी केली.

आता दुसरी बाजू, मोबाइलची. पडद्यातल्या सेंद्रिय थरातून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा दोन्ही बाजूंनी येऊन भेटतात. ही भेट प्रकाशाने ठरवलेली नसते; कोणाची फिरकी कशी हे नशिबावर असते. हिशोब असा निघतो की दर चार भेटींत एक सरळ उजेड देणारी, आणि तीन पोटमाळ्यावर अडकणाऱ्या. म्हणजे चार रुपयांची वीज घातली तर एक रुपयाचा उजेड आणि तीन रुपयांची उष्णता. १९८७ साली अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी असा पहिला चांगला सेंद्रिय दिवा तयार केला, तेव्हा ही अडचण होतीच.

तोडगा निघाला तो जड अणूतून. झाडाच्या पानातल्या हरितद्रव्याच्या रेणूत एक कडे असते आणि त्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा हलका अणू बसलेला असतो. तसल्याच एका कड्याच्या मध्यभागी १९५ वजनाचा प्लॅटिनम बसवून १९९८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी लाल दिवा केला. पुढच्याच वर्षी इरिडियम वापरून हिरवा केला. एरिथ्रोसीनमध्ये जड अणू रेणूच्या कडेला असतात. येथे जड धातू रेणूच्या मधोमध बसतो, आणि उजळणारा इलेक्ट्रॉन त्याच्याच अंगणात वावरतो. त्यामुळे बाहेरचे दार इतके रुंद होते की अडकलेला इलेक्ट्रॉन लाखांश सेकंदाच्या आसपासच खाली येतो. उष्णतेला तो सापडायच्या आत उजेड बाहेर! आत आलेल्या विजेच्या जवळजवळ प्रत्येक भेटीतून आता उजेडाचा कण निर्माण होऊ शकतो. एकाच्या जागी चार.

आज अशा पडद्यांतल्या लाल आणि हिरव्या ठिपक्यांत बहुधा इरिडियमची संयुगे असतात. निळ्या ठिपक्याचे मात्र कठीण आहे. निळ्या प्रकाशाला शक्ती जास्त लागते, आणि तेवढी शक्ती घेऊन पोटमाळ्यावर थांबलेला रेणू लवकर मोडतो. म्हणून बहुतेक मोबाइलांत निळा ठिपका अजून जुन्याच, झटपट उजेडाच्या पद्धतीने चालतो आणि तेवढी वीज जास्त खातो. शिवाय इरिडियम अत्यंत दुर्मीळ. साऱ्या जगात वर्षाला काही टनच निघतो, आणि त्यातला बहुतेक दक्षिण आफ्रिकेतून येतो. त्यामुळे जड धातूवाचून पोटमाळा रिकामा करायच्या युक्त्याही शास्त्रज्ञ शोधत आहेत.

हा विषय विदर्भाला परका नाही. नागपूर विद्यापीठात आणि अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात उजळणाऱ्या पदार्थांवर कित्येक वर्षे संशोधन चालू आहे. नागपूरला युरोपियम या जड धातूभोवती सेंद्रिय रेणू गुंफून लाल उजेड देणारे पदार्थ तयार केले गेले आहेत. वाशीम जिल्ह्यातली महाविद्यालये अमरावती विद्यापीठाखालीच येतात. तेव्हा आज मिठाचा पेला पाहून 'असे का?' म्हणणाऱ्या तांड्यावरच्या एखाद्या मुलीला पुढे ही वाट धरायला फार दूर जावे लागणार नाही.

गुरुजनांना शेवटी एकच विनंती. हा प्रयोग दाखवताना उत्तर आधी सांगू नका. साखरेचा पेला आणि मिठाचा पेला शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, उजेड गेला कुठे? कोणी म्हणेल मिठाने खाल्ला, कोणी म्हणेल पाण्यात बुडाला. म्हणू द्या. मग त्यांच्याकडून हिशोब करून घ्या: शक्ती आत किती गेली, बाहेर किती आली, आणि उरलेली कोणत्या वाटेने गेली. घरखर्चाचा हिशोब जुळत नसेल तर आपण पैसा हवेत विरला असे म्हणत नाही. तो कोठे गेला ते शोधतो. निसर्गाच्या हिशोबातही तसेच शोधायचे असते. एवढी सवय मुलांना लागली, तर तो पेला कामी आला असे समजायला हरकत नाही.